जोर नको, सावकाश हात हवा: घरच्या घरी अंगाला तेल लावण्याची रीत

नरक चतुर्दशीच्या पहाटे अंगाला सुगंधी तेल लागतं, उटणं लागतं, आणि मग ती बाटली पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात जाऊन बसते. अशा अभ्यंगाने सण साजरा होतो, पण शरीराच्या पदरात फारसं काही पडत नाही. मालिशचा गुण दिसतो तो नेमाने केल्यावर. आठवड्यातून एकदा निवांत पाऊण तास आणि रोज रात्री तळपायांना पाच मिनिटं, एवढं कुठल्याही घरात जमण्यासारखं आहे. मालिशवाला बोलवायला नको की स्पाचं पॅकेज घ्यायला नको. लागतं ते थोडं तेल, जुनी चादर आणि घाई नसलेले हात.

यातला ‘घाई नसलेले’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. आपल्याकडे चांगली मालिश म्हणजे रगडून काढलेली मालिश, असा समज पक्का बसला आहे. त्यामुळे पुष्कळांना अंग दुखून येतं आणि ते दुखणं गुण आल्याची खूण मानलं जातं. घरच्या मालिशमध्ये जोराला दुय्यम स्थान आहे. पहिलं स्थान हाताच्या वेगाला.

खरोखर काय मिळतं

आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हात, पाठ, पाय इथे, स्पर्शाचे काही खास मज्जातंतू असतात. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. कशाला हात लागला हे ते नेमकं सांगत नाहीत. स्पर्श सुखाचा आहे एवढंच मेंदूला कळवतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने हात फिरला की ते सर्वांत जास्त जागे होतात. बाळाला कुरवाळणारी आई घड्याळ न लावता याच वेगाने हात फिरवते. भराभर घासलं तर त्वचा लाल होते, पण हे तंतू गप्पच राहतात. मालिशने मन शांत होतं ते बरंचसं इथून.

म्हणूनच मनावरचा परिणाम हा मालिशचा सर्वांत भरवशाचा फायदा आहे. काळजी, धडधड, रात्री डोळ्याला डोळा न लागणं, यांत काही आठवडे नेमाने केलेल्या मालिशने फरक पडतो, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. मात्र ‘मालिशने कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक) झपाट्याने उतरतं’ हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यात फारसा दम नाही. सगळे अभ्यास एकत्र तपासल्यावर कॉर्टिसॉलमधली घट अगदी किरकोळ निघाली. बरं वाटतं हे खरं; त्याचं कारण मात्र दुसरीकडे शोधावं लागेल.

स्नायूंचंही असंच आहे. तालमीत मेहनत झाली की पठ्ठे एकमेकांचं अंग चोळतात आणि त्याने दुसऱ्या दिवशी अंग मोकळं राहतं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. २०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी हे तपासलं. दमेपर्यंत व्यायाम केलेल्या ११ तरुणांच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे बारीक नमुने घेतले. मालिश केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते आणि पेशींची दुरुस्ती सुरू करणारे जास्त. मेहनतीने स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडमध्ये मात्र काडीचा फरक नव्हता. तेव्हा तालमीतला अनुभव खरा ठरला आणि ‘साचलेलं ॲसिड बाहेर निघतं’ हे त्याचं स्पष्टीकरण चुकलं.

गुडघेदुखीबद्दल एक उपयोगी गोष्ट कळली आहे. गुडघ्याची झीज झालेल्या लोकांना आठ आठवडे वेगवेगळ्या प्रमाणात मालिश देऊन पाहिली, तेव्हा आठवड्यातून एकदा साठ मिनिटं हे माप सर्वांत सोयीचं ठरलं. अर्ध्या तासाच्या मालिशचा गुण त्याहून कमी होता. आठवड्यातून एकदा पण निवांत, असं मी सुरुवातीला म्हटलं त्यामागे हेही कारण आहे.

आणि काय मिळत नाही? वजन उतरत नाही. ‘टॉक्सिन’ बाहेर पडत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करत असतात. मोडलेलं हाड जुळत नाही, मणक्यांमधली सरकलेली चकती जागेवर बसत नाही.

आधी हे वाचा, मग तेल गरम करा

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी एका २३ वर्षांच्या तरुणाच्या मृत्यूची नोंद केली. घोट्याला दुखापत झाल्यामुळे त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. पुढे पाय दुखतो, सुजतो म्हणून आईने तेल लावून तो चोळून दिला. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटली आणि फुफ्फुसात जाऊन अडकली.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण एकच पाय सुजला असेल, गरम किंवा लालसर वाटत असेल, पोटरी दाबल्यावर दुखत असेल, विशेषतः अलीकडे प्लास्टर, शस्त्रक्रिया, बाळंतपण, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं किंवा लांबचा बसून प्रवास झाला असेल, तर त्या पायाला हात लावायचा नाही. आधी डॉक्टर.

ताप असताना, अंगावर पुरळ, गळू किंवा उघडी जखम असताना, ताज्या मुरगळीवर किंवा फ्रॅक्चरवर मालिश नको. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फक्त हलका हात, कारण काळेनिळे डाग चटकन उठतात. कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा पोटात बाळ असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. जेवल्यावर लगेच नको. निदान दोन तास जाऊ द्यावेत. कफ झालेला असताना आणि अपचनात अभ्यंग टाळावा, हे तर वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही सांगून ठेवलं आहे.

मानेच्या बाबतीत मी जरा कडक आहे. केस कापून झाल्यावर खुर्चीतच ‘कट्ट’ करून मान मोडून देण्याची जी सेवा मिळते, ती फुकट असली तरी घेऊ नये. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर अशा झटक्याने फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. घरीही कुणाची मान मोडायची नाही.

तेल कोणतं, किती, कसं गरम करायचं

थंडीत तिळाचं आणि उन्हाळ्यात खोबरेल, ही घरोघरची वाटणी समजुतीची आहे. कोकण-गोव्यात बारा महिने खोबरेल चालतं, तेही ठीकच. लाकडी घाण्याचं मिळालं तर उत्तम, नाही तर चांगल्या खपाच्या दुकानातलं सीलबंद घ्या. परदेशात राहत असाल तर सुपरमार्केटमधलं भाजलेल्या तिळाचं गडद तपकिरी तेल घेऊ नका. ते फोडणीचं आहे, आठवडाभर अंगाला नूडल्सचा वास येईल. सुटं मोहरीचं तेल टाळावं. त्यात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होते. १९९८ साली दिल्लीत याच भेसळीमुळे जलोदरासारख्या आजाराची मोठी साथ आली होती.

औषधी तेलं वाईट नाहीत, पण ‘सांधेदुखी मुळापासून नष्ट’ असं लिहिलेली, नाव-गाव नसलेली बाटली घेऊ नये. तेलात कापूर घालायची सवय असेल तर ती मोठ्यांपुरतीच ठेवा. लहान मुलांना कापराने झटके येऊ शकतात.

नवं तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. खाज, लाली नाही आली की वापरायला मोकळे.

माप सांगायचं तर एका माणसाच्या पूर्ण अंगाला ३० ते ४० मिली, म्हणजे मोठे दोन-अडीच चमचे. कोरडी त्वचा थोडं जास्त पिते. तेलाची वाटी गॅसवर ठेवू नका. पातेल्यात कढत पाणी घ्या, त्यात वाटी ठेवा, पाच मिनिटांत तेल कोमट होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा: ऊब जाणवली पाहिजे, चटका नाही. ज्याला मालिश करायची त्याला मधुमेह असेल तर ही परीक्षा करणाऱ्याने स्वतःच्या मनगटावरच करायची. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, मग भाजलं तरी कळत नाही.

स्वतःला तेल लावायचं तर

अंघोळीआधीची वेळ उत्तम. पंखा बंद, खिडकी लोटलेली. जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर पाट किंवा बुटकं स्टूल. मोबाइल दुसऱ्या खोलीत. तेलकट बोटांनी तो उचलायचा मोह होतोच.

सुरुवात टाळूपासून. चमचाभर तेल टाळूवर ओता आणि नखं न लावता बोटांच्या पेरांनी डोक्याची कातडी हलवा. बोटं केसांवरून घसरत असतील तर नुसतं तेल पसरतंय. खालची कातडी बोटांबरोबर पुढेमागे सरकली पाहिजे. कानशिलांवर बारीक गोल, मग कानाच्या पाळ्या अंगठा आणि तर्जनीत धरून वरून खाली हलकेच चोळा. कानात तेल घालू नका, बाहेरूनच.

मानेला पुढून दाब द्यायचा नाही. मागच्या बाजूला कवटी संपते तिथे दोन खळगे लागतात. दोन्ही अंगठे तिथे टेकवा, डोकं किंचित मागे रेला आणि चार-पाच श्वास तसंच थांबा. दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्यांचं निम्मं डोकं इथेच दुखत असतं. मग उजव्या हाताने डावा खांदा मुठीत पकडा, जसं कणकेचा गोळा उचलतात तसा मांसल भाग उचला, सोडा, पुन्हा उचला. बाजू बदला.

हातांना लांब भागांवर लांब हात, सांध्यांवर गोल. मनगटापासून कोपरापर्यंत एकदा हात न्यायला पाच ते आठ सेकंद लागले पाहिजेत. पहिल्यांदा करताना हा वेग विचित्र वाटेल इतका संथ वाटतो. तोच बरोबर आहे. दिशा वर की खाली, यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. परंपरेत केसांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली तेल लावतात, तर आधुनिक पद्धतीत हृदयाकडे. हलक्या हाताला दोन्ही चालतं; संध्याकाळी पावलं थोडी सुजत असतील तर घोट्याकडून गुडघ्याकडे हात न्या. (अशी सूज रोजची असेल तर आधी तिचं कारण तपासून घ्या.)

पोटावर तळहात सपाट ठेवा. उजव्या खुब्याकडून वर बरगड्यांपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली. मोठं आतडं असंच वळतं, त्यामुळे बद्धकोष्ठ असणाऱ्यांना याने आराम पडतो. पाच-सात मिनिटं पुरे.

कंबरेला हात पोचतो तिथपर्यंतच. पाठीच्या मधल्या भागासाठी टेनिसचा चेंडू मोज्यात घालून भिंत आणि पाठ यांच्यात धरा आणि गुडघे वाकवत हळूहळू वरखाली व्हा. चेंडू कण्याच्या बाजूला हवा, कण्यावर नाही.

मांडीला जोर लावलात तर चालेल, पोटरीला बेताचा, नडगीच्या हाडावर अजिबात नको. गुडघ्याच्या वाटीभोवती गोल फिरा. गुडघ्यामागच्या खळगीत फक्त तेल लावून पुढे जा, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना करताना

मालिशचा खरा आनंद दुसऱ्याच्या हातून आहे, आणि घरात त्याची सर्वांत जास्त गरज असते ती म्हाताऱ्या माणसांना. एकटं राहणाऱ्या किंवा जोडीदार गेलेल्या माणसाला दिवसेंदिवस कुणाचा स्पर्शच होत नाही. औषधं वेळेवर दिली जातात, चौकशी होते, पण पाठीवरून हात फिरत नाही. त्यांच्यासाठी आठवड्यातली ही वीस मिनिटं गुडघ्यापेक्षा मनाला जास्त लागू पडतात.

झोपवण्यापेक्षा त्यांना खुर्चीत उलटं, पाठीच्या टेकूकडे तोंड करून बसवा आणि टेकूवर उशी ठेवून तिच्यावर हात आणि कपाळ टेकू द्या. पालथं झोपणं पुष्कळांना झेपत नाही, दम लागतो. तुम्ही मागे उभे राहा, एक पाय पुढे, गुडघे सैल. जोर बोटांतून काढायचा नाही. तळहाताचा मनगटाकडचा मऊ भाग टेकवा आणि अंगाचा भार किंचित पुढे द्या. अंगठ्यांनी दाबत राहिलात तर दहा मिनिटांत तुमचेच अंगठे बोलायला लागतील.

पहिली दोन मिनिटं नुसतं तेल पसरवा, कंबरेपासून वर खांद्यांपर्यंत आणि बाजूंनी परत खाली. एक हात उचलला तरी दुसरा अंगावर राहू द्या. हात एकदम काढून पुन्हा ठेवला की माणूस दचकतो. मग कण्याच्या दोन्ही बाजूंना, कण्यापासून दोन बोटं सोडून, खालून वर सावकाश गोल. नंतर खवाट्याच्या आतल्या कडेने बोटांची पेरं फिरवा; इथे बारीक गाठी लागतात. गाठ रगडून ‘फोडायची’ नाही. तिच्यावर बोट टेकवा, तीन-चार श्वास थांबा, ती आपोआप सैल होते. झाली नाही तर सोडून द्या.

यावेळी हमखास ऐकू येईल: “अगं, जरा जोर लाव की! तेल पुसतेस का नुसतं?” ऐकू नका. “बरं आई, लावते हं,” म्हणायचं आणि वेग आणखी कमी करायचा. वयाबरोबर हाडं ठिसूळ होतात, कातडी कागदासारखी पातळ होते. दुखणं दहापैकी चारच्या वर जाता कामा नये. तोंडाने कुणी खरं सांगत नाही, म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वास रोखला गेला किंवा खांदे वर आले की दाब जास्त झाला.

रात्रीचे तळपाय आणि काशाची वाटी

डोकं, कान आणि पाय यांना अभ्यंग विशेषकरून करावा असं वाग्भट म्हणतो. वेळ नसेल तेव्हा निदान पाय तरी करावेत. तळव्यात अर्धा चमचा तूप किंवा खोबरेल, अंगठ्याने टाचेपासून बोटांकडे लांब रेघा, मग एकेक बोट मुळापासून शेंड्याकडे. बोटांच्या बेचक्यांतलं तेल पुसून काढा, विशेषतः मधुमेह असेल तर. तिथे ओल राहिली की बुरशी धरते. त्याच वेळी भेगा, फोड, काही रुतलंय का तेही बघून होतं.

काशाच्या वाटीने घासलं की तळवा काळपट होतो आणि ‘बघा, केवढी उष्णता बाहेर आली’ असं म्हणतात. हल्ली बाजारात काशाच्या पात्याची फिरती यंत्रंही आली आहेत आणि त्यांची जाहिरात याच काळेपणावर चालते. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप आणि घाम यांच्याशी घासताना त्यातल्या धातूची क्रिया होते आणि काळा थर बसतो. शरीरातून काही निघत नाही. वाटीचा गुळगुळीत, गार तळ पायाला फार छान वाटतो, डोळे मिटायला लागतात, आणि वाटी वापरायला तेवढं कारण पुरेसं आहे. नंतर पाय पुसून सुती मोजे चढवा, नाही तर फरशीवर घसरण्याची हमी.

बाळाची मालिश

१९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश दिली. त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. २००५ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तेलांची तुलना केली, त्यात वेळेआधी जन्मलेल्या बाळांचं वजन खोबरेल तेलाने चांगलं वाढलं. आजीची बाटली बरोबरच होती.

चूक होते ती न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या हातचलाखीत. नाक वर यावं म्हणून ओढणं, डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं, नाका-कानांत तेलाचे थेंब सोडणं, छाती पिळून ‘दूध काढणं’, हे सगळं बंद. नाकातलं तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि पिळलेल्या छातीत पू होतो. टाळू भरताना तेल नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. बाळ रडलं तर ‘रडू दे, फुफ्फुसं मोकळी होतात’ हे कुणी म्हटलं तरी थांबा, उचलून घ्या. बाईंना हे सांगताना संकोच वाटतो, पण “मावशी, डॉक्टरांनी मनाई केलीय” हे वाक्य बहुतेक ठिकाणी चालून जातं.

झाल्यावर

दहा-पंधरा मिनिटं पंचा गुंडाळून बसा किंवा पडा, मग कोमट पाण्याने अंघोळ. साबणाऐवजी डाळीचं पीठ किंवा उटणं लावलंत तर तेल जातं आणि मऊपणा राहतो. न्हाणीघरात जाण्यापूर्वी तळवे कोरड्या फडक्याने पुसा, आणि वयस्क माणसाला त्या दिवशी एकटं अंघोळीला सोडू नका. लादीवर थेंब सांडले असतील तर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण टाकून लगेच घासून घ्या.

चार-सहा आठवड्यांनी झोप, सकाळचा ताठरपणा आणि चिडचिड यांत फरक पडलाय का, ते बघा. मालिशनंतर दुसऱ्या दिवशी थोडं अंग जड वाटणं चालतं. मुंग्या येणं, हातपाय लुळे वाटणं, दुखणं वाढत जाणं चालत नाही. तसं झालं तर थांबून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

तेलाच्या चादरी-पंचांसाठी वेगळी जोडी ठेवा. त्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा आणि उन्हात वाळवा. परदेशात ड्रायर वापरत असाल तर तेल पुरतं न निघालेले टॉवेल त्यात टाकू नका. गरम तेलकट कापडांचा ढीग आतल्या आत तापत जातो आणि पेट घेऊ शकतो. असे कपडे दोरीवरच वाळवा.